पप्पांच्या आवाजातले खलनायक

अन्याय झाला तो माझ्या धाकट्या बहिणीवर. गेल्या दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या सोमवारी, संध्याकाळी सहा वाजता. ती दारात बसून गुडघ्याला पट्टा गुंडाळत होती आणि आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "आजपासून मैदानावर जायचं न्हाय."

बहिणीने काहीही केलं नव्हतं. केलं होतं ते टीव्हीतल्या एका माणसाने. आदल्या दुपारी त्याने टीव्हीतल्याच एका मुलीला सरावावरून घरी येताना गाठलं होतं. तो पुढच्या आठवड्यात वेगळी मिशी लावून दुसऱ्या भागात आला. शिक्षा भोगली ती नववीतल्या, कबड्डीत उजवा कोपरा सांभाळणाऱ्या पोरीने.

हे आधी लिहून टाकते. कारण पुढे मी आईवर, पप्पांवर आणि आमच्या त्या जुन्या टीव्हीवर मायेने लिहिणार आहे, आणि माया आली की माणूस मुद्दा विसरतो. पत्रकं लिहून लिहून मला एवढं कळलंय की मुद्दा पहिल्याच ओळीत टाकावा. लोक दुसरी ओळ वाचतीलच असं नसतं.

आमचं घर कारखान्याला चिकटून आहे. भिवंडीत कारखाना म्हटलं की लूमचाच, म्हणजे यंत्रमागाचा. भिंत एकच, तिच्या अलीकडे आमचं कपाट, पलीकडे चाचांचे लूम. चाचा म्हणजे कारखान्याचे मालक. त्यांच्या कित्येक पिढ्या इथल्याच, आणि ते आमच्याशी मराठी, कामगारांशी हिंदी आणि लूमशी शिव्यांमध्ये बोलायचे. पप्पा त्यांच्याकडे जॉबर. म्हणजे लूम अडला की त्याच्या पोटात हात घालून तो चालू करणारा माणूस. लूम चालू असले की आमच्या घरातली कपबशी कधी टेबलाच्या काठाशी ठेवायची नाही. ती हळूहळू चालत जायची आणि पडायची. पाहुण्यांना हे सांगावं लागायचं, आम्हाला नाही.

अशा घरात टीव्हीचा आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं. आवाज पूर्ण वाढवला तरी लूमच्या खटाखटीत फक्त गुणगुण मिसळायची आणि आईचं डोकं दुखायचं. म्हणून आवाज बंद. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी, त्या दिवशी टीव्हीला वाचा फुटायची. बाकी सगळा आठवडा आमचा टीव्ही मुका.

मुका, पण गप्प नाही. कारण पप्पा.

कारखान्यात कानाने बोलता येत नाही. दोन लूम पलीकडचा माणूस ओरडला तरी तो फक्त तोंड उघडताना दिसतो. म्हणून तिथे सगळे ओठ वाचतात. पप्पांचं तर अर्धं आयुष्य त्यातच गेलेलं. हिंदी, मराठी, भोजपुरी, तिन्ही भाषांतले ओठ त्यांना वाचता यायचे. त्यामुळे टीव्हीतला माणूस काय म्हणतोय ते घरात फक्त त्यांना कळायचं, आणि ते आम्हाला सांगायचं काम त्यांच्याकडे. ड्युटी संपवून, हात धुऊन, ताट मांडीवर घेऊन ते बसायचे आणि आमच्या कानाशी वाकून पडद्यावरच्या प्रत्येकाचा आवाज काढायचे.

शेठने हीरोच्या कपाळाला पिस्तूल टेकवलेलं. पप्पा: "काय रं, दुपारचं जेवलास का?"

हीरो घाम पुसत: "न्हाय ना शेठ. डबाच आला न्हाय."

शेठ डोळे वटारून: "मंग आधी जेव. रिकाम्या पोटी मी कोनाला मारत न्हाय."

धाड. हीरो पडला. "बघा, चक्कर आली. सांगितलं व्हतं जेव म्हणून."

आम्ही दोघी हसून लोळायचो. आई म्हणायची, "पोरींना काय पण सांगता!" आणि स्वतः पदरात हसायची. आमच्या लहानपणी टीव्हीत कोणी कोणाला जिवे मारल्याचं मला आठवत नाही. लोक उपाशी राहून पडायचे. कोणी कोणाला पळवून न्यायचं, तर ते माहेरी सोडायला. तोंडावर रुमाल बांधून बंदूक घेतलेली टोळी आली की ते कारखान्यात कापसाची धूळ फार असल्याने आले आहेत, असं आम्ही धरून चालायचो.

भिंतीला छताजवळ एक जाळीची खिडकी होती. धागा तुटून लूम थांबला की एखादा कामगार तिथून डोकावायचा. कधी चाचाही पेटीवर उभे राहून जाळीला तोंड लावायचे आणि हाताने विचारायचे, कोण मेला? पप्पा हातानेच सांगायचे, कोणी नाही, सगळे जेवायला गेलेत.

मालिकांत थपडा फार. सून दिसली की थप्पड. पप्पांना थपडेचं काही करता यायचं नाही, कारण थप्पड ओठांनी मारत नाहीत. एक थप्पड तीन बाजूंनी तीनदा दाखवायचे. बहीण तेव्हा बालवाडीत असेल. ती एकदा म्हणाली, "पप्पा, तिला तीनदा लागलं, मग ती एकदाच का रडते?" पप्पांनी ताट बाजूला ठेवून चॅनल बदललं. आमच्या घरात टीव्हीवरच्या हिंसेवर झालेली ती पहिली कारवाई, आणि तिची मागणी एका बालवाडीतल्या मुलीने केली होती. हे मी पुढे सभेत सांगायचे. लोकांना वाटायचं, मी बनवून सांगते.

शुक्रवारी मात्र आवाज यायचा. परत दाखवलेल्या भागात तोच शेठ, तेच पिस्तूल आणि खरे शब्द. बहीण घाबरली नाही. तिला राग आला.

"पप्पा, हे असं बोलत होते?"

"शुक्रवारी जरा तापतात. सुट्टी असते ना, जॉबर न्हाय कोन समजवायला."

"मग मला तुमचंच बरं वाटतं," ती म्हणाली आणि उठून टीव्हीचा आवाज घालवला. त्यानंतर आम्ही शुक्रवारीही मुकाच टीव्ही बघायचो. गल्लीतल्या पोरी हसायच्या. हसू देत.

मग लूम गेले.

एकट्या आमच्या भिंतीपलीकडचे नाही, गल्लीतले बरेच. चाचा वर्षभर म्हणत होते, चालत नाही, चालत नाही. एका सकाळी ट्रक आला आणि लूम भंगारात गेले. चाचा आमच्या ओट्यावर बसून होते. शेवटचा लूम ओढत नेताना त्यांनी त्याला अशी एक शिवी दिली की आईने कान झाकले. मग म्हणाले, "माफ कर बेटी, तो ऐकायचा फक्त तेवढंच." कारखान्याची जागा एका कंपनीने घेतली. भिवंडीजवळ पूर्ण्याला केवढाली गोदामं आहेत, त्यांत मावत नाहीत ते खोके आता आमच्या भिंतीपलीकडे येतात. खोके आवाज करत नाहीत.

पप्पा दुसऱ्या कारखान्यात लागले. लांब. सकाळी जायचे, रात्री आठला यायचे. आणि आमच्या घरात, माझ्या जन्मापासून पहिल्यांदाच, रोज शांतता.

आता तुम्ही म्हणाल, चांगलं झालं की. मलाही तसंच वाटलं. पण ह्या शांततेत दुपारी आई एकटी, समोर टीव्ही, आणि आता त्याला आवाज. आईने वीस वर्षं गुन्हे फक्त पप्पांच्या तोंडून ऐकले होते. दार करकरतं ते, पावलं वाजतात ते, काही व्हायच्या आधी वाजणारं ते छातीत धडकणारं संगीत, ह्यातलं काहीच, जुने शुक्रवार सोडले तर, तिने ऐकलेलं नव्हतं. आम्हा पोरींना हे आवाज मैत्रिणींच्या घरी, मोबाइलवर, दुकानाबाहेर हप्त्याहप्त्याने ऐकून सवयीचे झाले होते. आईला ते एकदम मिळाले, तेही दुपारच्या एकांतात. पडद्यावर खाली लिहिलेलं असायचं, सत्य घटनेवर आधारित.

महिन्याभरात आईने आतून दुसरी कडी बसवून घेतली. गॅसवाल्याला विचारलं, तुझं गाव कोणतं, घरी कोण कोण असतं. रद्दीवाल्याच्या पिशवीत डोकावून पाहिलं. खोके उतरवणारी पोरं पाणी मागायला आली तर पाणी दिलं, पण दाराची साखळी न काढता, फटीतून. ग्लास फटीतून जाईना. त्यातला एक पोरगा म्हणाला, "मौसी, बोतल में दे दो." आम्ही आठवडाभर हसलो.

त्या सोमवारी हसू संपलं.

"मैदानावर का नाही?" बहिणीने विचारलं.

"दाखवलं काल. ती पन खेळूनच येत व्हती."

"आई, ते कुठल्या गावचं होतं?"

"गाव कुठलं पन असूदे. खरं हाय ते. खाली लिवलेलं."

"खाली लिहिलेलं खरं आणि मी सांगते ते खोटं?"

"तू खोटी न्हाय. जग खोटं हाय."

बहिणीने गुडघ्याचा पट्टा सोडला, घडी केली आणि कपाटात ठेवला. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. पप्पा रात्री आले, त्यांना सांगितलं. ते आईकडे बघत म्हणाले, "थोडे दिवस जाऊदे, घाबरलीय ती." थोडे दिवस गेले. त्याच थोड्या दिवसांत तालुक्याच्या संघाची निवड होती.

त्या रस्त्यावर धोका नाही असं मी म्हणत नाही. मैदानाकडे जाताना गोदामांच्या कंटेनरच्या रांगा असतात. रस्त्याला खड्डे आहेत आणि खांबांना दिवे नाहीत. त्यावर आम्ही पत्रक काढलं होतं, निवेदन दिलं होतं. पण न लागलेल्या दिव्यावर कोणी मालिका काढत नाही. दिवा नाही, ह्याला संगीत देता येत नसावं.

आमचा गट म्हणजे गावच्या प्रश्नांवर पत्रकं काढणारे सात-आठ जण. एका मित्राच्या झेरॉक्सच्या दुकानात मागच्या बाजूला बसतो. मी ठरवलं, टीव्हीवरच्या हिंसेवर पत्रक. रागात एका बैठकीत लिहून काढलं आणि बहिणीला वाचायला दिलं. मथळा होता, 'कोवळ्या मनांवर हिंसेचा मारा!'

तिने विचारलं, "कोवळं मन कोणाचं?"

"तुमचं. मुलांचं."

"ताई, सुट्टीच्या आधी मी एका मुलीला घोट्याला धरून आडवी केली. ती रडली आणि मी टाळ्या घेतल्या. माझं मन कोवळं नाहीये."

"मग कोणाचं?"

"आईचं. ते लिही."

मी पत्रक फाडलं. मग म्हटलं, आधी विचारू तरी. ज्यांच्या नावाने आपण ओरडतो त्यांना विचारायला काय हरकत आहे? क्लासच्या बाहेर, पाणीपुरीच्या गाडीवर, शाळेच्या फाटकाशी उभी राहिले. पोरं सुरुवातीला मला सर्व्हेवाली समजली. एक म्हणाला, "गिफ्ट मिळणार का?" मी म्हटलं, नाही. तरी बोलली.

मारामारीच्या सिनेमाला ती भीत नाहीत. एक पोरगा मारामारी मागे घेऊन घेऊन बघतो, दोरी कुठे दिसते का ते शोधायला. एक म्हणाला, "गेममध्ये मी मारतो, टीव्हीत दुसरा मारतो. मग गेम बरा ना." मग मी बातम्यांचं विचारलं. तर तोच म्हणाला, "ते लाल गोल करून दाखवतात ना, एकच गोष्ट सारखी सारखी, तेव्हा मी जेवत नाही. घरचे जेवतात." त्याला घाण वाटत होती ती त्या लाल गोलाची की घरच्यांच्या जेवण्याची, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मला वाटतं, त्यालाही नाही. एक पोरगी म्हणाली, आमच्या गावाचं नाव बातमीत आलं की लांबून मामाचा फोन येतो, तुम्ही ठीक आहात ना, आणि आम्ही मटार सोलत बसलेलो असतो. दुसरी म्हणाली, "प्रत्येक भागात शेवटी तो निवेदक येऊन सांगतो, मुलींनी काळजी घ्यावी. मुलांनी काय घ्यावं ते कधीच सांगत नाही." तिसऱ्या मुलीचा टीव्हीमुळे मोबाइल गेला होता, आणखी एकीचा क्लास. एकीला भाऊ सोडायला आणि आणायला येतो, आणि भाऊ तिच्याहून लहान आहे.

मी वाट बघत होते की कोणीतरी म्हणेल, आम्हाला रात्री स्वप्नं पडतात. एक-दोघींनी म्हटलंही, ते खोटं कशाला सांगू. पण जास्त करून हेच आलं. टीव्ही बघतात सगळे, घाबरतात मोठे, आणि बंद होतं आमचं.

नेमका त्याच महिन्यात शहरात परिसंवाद लागला. 'दूरचित्रवाणीवरील हिंसाचार आणि आजची पिढी'. व्यासपीठावर फुलांचा गुच्छ, पाण्याच्या बाटल्या आणि मान्यवर. आजची पिढी खाली सतरंजीवर, कारण खुर्च्या मोठ्यांना. शेवटी एका विद्यार्थिनीचं मनोगत होतं आणि शाळेने बहिणीचं नाव दिलं होतं. रविवार होता, पप्पांनी रजा काढली होती. आई-पप्पा इस्त्रीचे कपडे घालून आले. आई तिसऱ्या रांगेत मधोमध बसली. पप्पा तिच्या मागून शिरले तोवर खुर्च्या भरल्या होत्या, ते अगदी मागे दाराशी उभे राहिले.

मान्यवर बोलले, भरपूर बोलले. एकाने संस्कृती सांगितली, एकाने त्याचं बालपण सांगितलं. सतरंजीवर पोरं एकमेकांच्या पाठीवर बोटाने नावं लिहीत बसली. मग बहिणीला बोलावलं. माइक तिच्या उंचीला कोणी केला नाही, तिने टाचा उचलल्या.

"मी कबड्डी खेळते. म्हणजे, खेळत होते. टीव्हीवरचे खून बघून मला भीती वाटत नाही. मेलेला माणूस दुसऱ्या मालिकेत सासरा असतो."

हॉल हसला. मीही.

"मला भीती वाटते ती माझ्या आईची..."

अध्यक्ष महाशय उठले. हसत हसत, अगदी प्रेमळ चेहऱ्याने त्यांनी माइक काढून घेतला. "आईची काळजी! बघा, ह्याला म्हणतात संस्कार. जोरदार टाळ्या!"

आणि टाळ्या पडल्या. आईने तर डोळे पुसत पुसत वाजवल्या. बहिणीच्या हातात गुलाब दिला. ती तशीच उभी, आणि तिचे ओठ हलत होते. माइकशिवाय ती बोलत राहिली, वाक्य पूर्ण होईपर्यंत. टाळ्यांत काही ऐकू येत नव्हतं. मी पहिल्या रांगेच्या कडेला होते, मलाही नाही.

मी मागे वळून पाहिलं. सगळ्या हॉलमध्ये एकच माणूस टाळ्या वाजवत नव्हता. पप्पा दाराशी उभे होते, मान किंचित पुढे काढून, कारखान्यात दोन लूम पलीकडच्या माणसाकडे बघायचे तसे.

घरी येताना रिक्षात पप्पा बाहेर बघत होते. आईला मात्र भरून आलं होतं. "केवढ्या लोकांत माझं नाव घेतलं पोरीने!" बहीण गुलाबाच्या पाकळ्या एकेक करून बाहेर टाकत होती. मी अध्यक्षांवर काय काय लिहायचं ते मनात जुळवत होते आणि दातओठ खात होते.

संध्याकाळी चाचा चहाला आले. लूम गेल्यापासून ते रविवारी येतातच. घरात त्यांना करमत नाही, शांततेत कान दुखतात म्हणतात. आईने टीव्ही लावला. तोच कार्यक्रम, तेच संगीत. पाठीवर पिशवी घेतलेली एक मुलगी अंधाऱ्या रस्त्याने चालली होती, मागे पावलं. आईचा हात आपोआप पदराकडे गेला.

पप्पांनी रिमोट उचलला आणि आवाज बंद केला.

"अहो, लावा ना!"

"थांब," पप्पा म्हणाले. "मी हाय ना."

किती महिन्यांनी! मी आणि बहीण एकमेकींकडे बघून सरकून बसलो. पडद्यावर दाढीवाला माणूस आडवा आला.

पप्पा: "ओ ताई, पूर्णा फाटा कुठं आला? कंटेनर घेऊन सकाळपासून फिरतोय."

आईला नको असताना हसू आलं. चाचांनी मांडीवर थाप मारली. "जॉबर, तू सुधरणार नाहीस!"

मग मुलीचा चेहरा पडदाभर आला. तिचे ओठ हलले आणि पप्पांनी तिचा आवाज काढला. बारीक नाही, हसवणारा नाही, त्यांचा स्वतःचाच, सावकाश. "मला भीती वाटते ती माझ्या आईची. ती घाबरली की मला कोंडते. मारणारा टीव्हीत आहे आणि कोंडलेली मी आहे."

बहीण ताठ झाली. "पप्पा, तुम्हाला ऐकू आलं?"

"ऐकू न्हाय आलं. दिसलं."

आई म्हणाली, "काय दिसलं? काय म्हणाली ती?" आणि मग तिच्या लक्षात आलं. मी आईचा चेहरा बघितला नाही. बघवलं नाही.

पडद्यावर मुलगी अजून बोलत होती. पप्पा थांबले आणि बहिणीकडे हात केला, आता तू. ती गुडघ्यांवर उठून बसली. "दादा, बाजूला हो. माझी निवड आहे. उशीर झाला तर उजव्या कोपऱ्याला दुसरीला घेतील. मला पळता येतं, पकडता येतं, ओरडता येतं. रस्त्यावर एक दिवा लाव, नाहीतर बाजूला हो."

"शाबास!" चाचा ओरडले. तेवढ्यात पोलिस ठाणं आलं, तर इन्स्पेक्टर आपोआप त्यांच्याकडे गेला. "कोण आहे रे तो दिवे न लावणारा? आधी त्याला आत घ्या!"

समोर टेबलापाशी त्या मुलीची आई रडत होती. तिचे ओठ हलत होते आणि तिचा आवाज कोणी काढेना. मग आमची आई बोलली. पडद्याकडेच बघत.

"साहेब, मी दिवसभर एकटी असते. पूर्वी भिंतीपलीकडे मानसं व्हती. आवाज व्हता, तर वाटायचं, कोनतरी हाय. आता पोर साडेसातला येनार असली की साडेसहापासून माझं काळीज असं वाजतं, लूमवानी. मी काय करू? तिला कोंडली की ते वाजायचं थांबतं."

चाचा इन्स्पेक्टरच होते अजून. त्यांनी घसा खाकरला. "बाई," ते म्हणाले, आणि स्वतःचा कप पुढे सरकवला. "बाई, चहा घ्या."

आई हसली आणि रडली, दोन्ही एकदम. बहीण उठून तिच्या मांडीवर अशी आदळली की आई म्हणाली, "मेले, हाडं मोडशील!"

दुसऱ्या दिवशी आई आणि बहीण मैदानावर गेल्या. एक खुर्ची आणि टॉर्च घेऊन. मी गटाचं काम टाकून बघायला गेले. बहिणीने आत शिरलेल्या मुलीचा घोटा धरला, दोघी मातीत आपटल्या, बहिणीचं कोपर सोललं. मला वाटलं, संपलं, आई आता उठून तिला घरी नेणार. आई उठली खरी. खुर्चीवर उभी राहून गळा फाडून ओरडली, "सोडू नको तिला! धर! दाब खाली!" प्रशिक्षक बाई वळून बघायला लागल्या. जी बाई दुपारी टीव्हीत थप्पड दिसली की डोळे मिटायची, ती.

पण तालुक्याच्या संघात बहीण नव्हती. ती घरात कोंडलेली असतानाच निवड होऊन गेली होती. उजव्या कोपऱ्याला दुसरी मुलगी खेळली, बरी खेळली. बहीण बाहेर बसून टाळ्या वाजवून आली. ती पुढच्या वर्षी दहावीत असेल. तेव्हा सराव होणार का, वेळ असणार का, कोणास ठाऊक. गेलेले ते दिवस तिला कोणी परत देणार नाही. ना वाहिनी, ना अध्यक्ष, ना आई.

आमच्या घरी टीव्ही अजून आहे. पप्पा घरी असले की आवाज बंद असतो. आईला आता खलनायकाचा आवाज काढता येतो आणि ती पप्पांपेक्षा वाईट शिव्या देते. मैदानाच्या रस्त्यावर दिवा अजून नाही. दिव्याचं पत्रक मी तिसऱ्यांदा काढतेय. मथळा बहिणीने दिलाय. त्यात कोवळं मन नाही.

आता तुम्ही. तुमच्या घरात एखादी मुलगी असेल. टीव्हीवर काहीतरी बघून तुम्ही तिचं काहीतरी बंद केलं असेल. मैदान, क्लास, मैत्रिणीचं घर, संध्याकाळचं साधं फिरणं. काय बंद केलंय ते तुम्हाला माहीत आहे. वाचताना आठवलंही असेल. टीव्ही बंद करा असं मी म्हणत नाही. तुम्ही जे बंद केलंय ते चालू करा. घाबरलाय ना? मग सांगा तिला की घाबरलोय, आणि खुर्ची घेऊन तिच्याबरोबर जा. तिची निवड व्हायच्या आधी जा. आजच जा.